एकी-बेकी खेळणारे भाऊजी

सरकारी तपासणीला येऊन पहिलीच्या पोरांना उघड उघड फसवणारा अधिकारी अख्ख्या महाराष्ट्रात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या नशिबी आला. भाऊजी शिक्षण खात्यात होते. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ज्या मुलांची घरची भाषा मराठी नाही, त्यांना पहिली-दुसरीत आधी त्यांच्या भाषेतून, म्हणजे बहुतेक ठिकाणी गोंडीतून शिकवायचं आणि हळूहळू मराठीकडे आणायचं, असा एक कार्यक्रम सरकारने आखलेला आहे. शाळा तो खरंच चालवतात की नुसता कागदावर चालवतात, हे वर्षातून एकदा बघून यायचं काम भाऊजींकडे होतं. बाकीचे अधिकारी हे काम खुर्चीत बसून उरकत. दोन्ही भाषांची पुस्तकं आली का? आली. गावातली गोंडी बोलणारी मदतनीस बाई नेमली का? नेमली. मग गावरान कोंबडा, भात आणि निरोप. भाऊजींना खुर्ची दिली की ते तिच्यावर आपली पिशवी ठेवत आणि स्वतः पोरांच्या रांगेत खाली बसत.

त्यांच्या पद्धती ऐकल्या तर या माणसाला नोकरीत ठेवलं कुणी, असंच कुणीही विचारेल. भिंतीवरचे तक्ते ते गुडघ्यांवर चालत बघत. सहा वर्षांच्या पोराला जिथून दिसतं तिथूनच बघितलं पाहिजे, हा हट्ट. एका शाळेत साहेब वर्गात शिरता शिरता एकदम गुडघ्यांवर आले, तेव्हा मुख्याध्यापकांना वाटलं, झटकाच आला. त्यांनी पाण्याचा तांब्या मागवला, कुणीतरी कांदा फोडून साहेबांच्या नाकाशी धरला. भाऊजी कांदा हुंगत हुंगतच भिंतीच्या कडेने पुढे सरकले आणि म्हणाले, "सर, हे तक्ते बगळ्यासाठी लावले का जी? पोराले तं नुसती भितच दिसून राह्यली." तक्ते दुसऱ्या दिवशी हातभर खाली आले. मुख्याध्यापक मात्र पुढे कितीतरी दिवस, साहेबांना फिट येतात बिचाऱ्यांना, असं सगळीकडे सांगत होते.

पुस्तकांचा निकाल ते वासावर लावत. गोंडी-मराठी पुस्तक हातात आलं की आधी उघडायचं, मग त्यात नाक खुपसायचं. आमच्याकडे घरोघरी चूल. पोरगं पुस्तक घरी नेत असेल, संध्याकाळी चुलीपाशी बसून चाळत असेल, तर पानांना धुराचा वास लागणारच. कोऱ्या शाईचा वास आला की भाऊजी पुस्तक मिटून म्हणत, "हे घरी गेलंच नाई. कपाटातच मोठं झालं." ही बातमी शाळा-शाळांतून पसरली. मग एका गुरुजींनी तपासणीच्या आदल्या दिवशी सगळी पुस्तकं खिचडीच्या चुलीवर दोरी बांधून टांगली. भाऊजींनी पहिलंच पुस्तक हुंगलं आणि त्यांना असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. "सर, हे वाचलं नाई, भाजलं," एवढंच म्हणाले. गुरुजींना वाटलं होतं आता नोटीस येणार. पण भाऊजी जाताना त्यांना सांगून गेले की आता वास लागलाच आहे, तर आजपासून ती पोरांच्या हाती घरी पाठवा. नोटीस काही आली नाही.

आणि मग ती फसवाफसवी. भाऊजींच्या पिशवीत तपासणीच्या कागदांबरोबर चिंचोके असत. पोरं जरा सैलावली की ते एकी-बेकी मांडत. एकाने मुठीत चिंचोके धरायचे, दुसऱ्याने एकी की बेकी ते सांगायचं, बरोबर आलं तर मूठभर चिंचोके त्याचे. पोराने बरोबर सांगितलं की भाऊजी मूठ उघडता उघडता एक चिंचोका सरळ बाहीत सोडत, म्हणजे एकीची बेकी आणि बेकीची एकी. तोही असा की आंधळ्याला दिसावा. आणि मग पोराच्या तोंडाकडे बघत बसत. पोरगं भांडतं का, आणि भांडलं तर कुठल्या भाषेत, एवढंच त्यांना बघायचं असे. "पाठ केलेली भाषा पाहुण्याले दाखवाले चालते," ते म्हणत, "भांडाले नाई चालत. भांडाले आपलीच लागते."

याच्यामागे त्यांचीच एक हकिगत होती. भाऊजी तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याकडचे. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू, शाळेत मात्र मराठी. सुरुवातीची कितीतरी वर्षं हे वर्गात तोंड मिटून बसले. गुरुजींनी त्यांच्या आईला बोलावून सांगितलं की पोरगं मुकं दिसतं. घरी दिवसभर ज्याची बडबड थांबत नाही त्या पोराला मुकं म्हणतात हे ऐकून ती माउली हसावं की रडावं अशी बघत राहिली. मग एक दिवस शेजारच्या पोराने यांची लेखणी पळवली आणि यांच्या तोंडून फाडकन निघालं, "माझी हाय, दे!" भाऊजी सांगत, "त्या दिवशी मलेच समजलं का मले मराठी येते. तोवर माहीतच नव्हतं."

गंमत म्हणजे एवढं भांडणाचं शास्त्र जाणणारा हा माणूस स्वतः कधीच कुणाशी भांडला नाही. भाजीवाल्याने सडकं वांगं दिलं तरी "असू दे" म्हणून घेऊन येत. ताई वैतागून म्हणायची, "यायच्याशी भांडाव तरी कसं? मी येकटीच बोलतो, येकटीच थकतो, आन हे म्हणते, चाय ठेवू का?"

असे हे भाऊजी माझी शाळा तपासायला आले. मी आलापल्लीच्या पुढे, पार आतल्या एका पाड्यावर गुरुजी आहे. मेव्हण्याची शाळा आपण तपासू नये म्हणून त्यांनी वरती अर्ज केला होता, पण थोडीफार गोंडी समजणारा दुसरा अधिकारी नव्हता, म्हणून तो परत आला. मला वाटलं, चला, घरचाच माणूस. माझ्या पोरांनी मराठीत नाव सांगितलं, गाव सांगितलं, हातवारे करून कविता म्हटली. मी फुशारलो. मग भाऊजींनी चिंचोके काढले, बाहीत सोडले, आणि माझा सगळा वर्ग चिडीचूप. एकही पोरगं हूं की चूं करेना. भाऊजींनी शेरा लिहिला, "मुले अजून गप्प आहेत. पुन्हा पाहावे."

हा शेरा साधा नव्हता. पुढच्या वर्षीही पोरं मराठीत बोलती झाली नाहीत, तर गोंडीचा वर्ग बंद करून पहिल्या दिवसापासून सगळं मराठीत शिकवा, मदतनीस बाईला घरी पाठवा, असा आदेश येणार होता. मी तो जुना काळ पाहिलेला आहे. पहिलीची पोरं सकाळी यायची, मी काय बोलतो ते कळायचं नाही, आणि खिचडी खाऊन जी जंगलात पळायची ती थेट उद्या दिसायची. काही तर उद्याही नाही. गोंडीचा वर्ग सुरू झाल्यापासून पोरं शेवटच्या घंटेपर्यंत बसायला लागली होती. ती पुन्हा पळणार या विचाराने मला जेवण जाईना. भाऊजींचा इतका राग आला की दिवाळीला मी ताईकडे गेलोच नाही.

गेलो नाही, पण गप्पही बसलो नाही. भाऊजींना भांडण पाहिजे ना? घ्या भांडण! मदतनीस बाई आणि मी, आम्ही दोघांनी पोरांना भांडायला शिकवलं. रोज परिपाठानंतर भांडणाचा तास. "साहेब, तुम्ही खोटं खेळता. आमचा चिंचोका द्या." पोरांना हे भलतंच आवडलं. पाड्यावर बाया पाण्याला निघाल्या की पोरं त्यांच्या हंड्याकडे बोट दाखवून ओरडत, "आमचा चिंचोका द्या!"

तपासणीचा दिवस आला. भाऊजी गाडीवरून उतरले, हेल्मेट काढलं, वर्गाच्या दारात पाऊल ठेवलं, आणि सगळा वर्ग हात जोडून उभा राहून एका सुरात गरजला, "साहेब, तुम्ही खोटं खेळता! आमचा चिंचोका द्या!" पिशवी अजून त्यांच्या खांद्यावरच होती. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मदतनीस बाईने पदर तोंडाला लावला आणि ती बाहेर पळाली.

मला वाटलं, संपलं सगळं. पण भाऊजी पोरांत खाली बसले आणि त्या दिवशी अगदी सरळ खेळायला लागले. बाही वर दुमडलेली, मूठ सगळ्यांसमोर. पोरांची पंचाईत झाली, कारण पाठ केलेलं भांडण वापरायला जागाच उरली नाही. दुसरीत जैनी नावाची एक मुलगी होती. ती भाऊजींसमोर बसली, पहिला डाव जिंकली, पुढचे दोन हरली, आणि चौथ्या डावाला तिने हळूच एक चिंचोका पायाखाली सरकवला. भाऊजींनी पाहिलं. "पाय उचल," ते म्हणाले. ती म्हणाली, "हिल्ले." म्हणजे नाही. भाऊजी मोडक्यातोडक्या गोंडीत म्हणाले की तो चिंचोका माझा आहे. त्यांची गोंडी ऐकून वर्ग खो-खो हसला. आणि मग जैनीने तोंड उघडलं. "नावा! माझा हाय! तू मंगाशी हरला नं? हरला तं दे. रडते काऊन?" अर्धं गोंडी, अर्धं मराठी, दोन्ही हात कमरेवर. तिच्या मदतीला बाकीची धावली. भाऊजी गोंडीतून भांडत होते, पोरं अर्ध्यामुर्ध्या मराठीतून, आणि अडलं की जो तो आपल्या भाषेत परत जात होता. खिचडीची वेळ टळून गेली तरी कुणाचं लक्ष नव्हतं. भाऊजी भांडण हरले, पिशवीतले सगळे चिंचोके देऊन बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की माझा वर्षभराचा राग तिथेच विरघळला.

निघताना मी विचारलं, "मंग, बोलतेत असं लिहिता नं?"

"तपासणीच्या पत्रकात इचारलं हाय, गोंडी न मिसळता पूर्ण मराठीत बोलते का. जैनी अर्धं बोलली," ते म्हणाले. "अर्ध्याले तिथी जागाच नाई."

"अजी, कोण पाहाले येते? हो लिहा."

"मी पाहून राह्यलो ना," ते म्हणाले आणि खूण 'नाही'वर केली. या माणसाने आयुष्यात खोटं केलं ते फक्त चिंचोक्यांत.

पण दुसऱ्या दिवशी ते घरी न जाता थेट जिल्ह्याच्या कार्यालयात गेले. तिथे जे झालं ते मला तिथल्या एका बाबूने सांगितलं. मोठ्या साहेबांनी 'नाही' पाहिलं आणि वर्ग बंद करायचा कागद पुढे ओढला. भाऊजी आधी हळू बोलले. साहेब म्हणाले, नियम आहे. भाऊजी उभे राहिले. मग त्यांचा आवाज इतका चढला की व्हरांड्यातली माणसं आत डोकावायला लागली, आणि चढता चढता तो मराठी सोडून तेलुगूत गेला. सेवेची शेवटची वर्षं, कधी कुणाला उलट बोलले नाहीत, आणि आता टेबलावर हात आपटत अख्खं भांडण तेलुगूत. साहेब नगरकडचे. त्यांना एक अक्षर कळेना. ते एवढंच म्हणू शकले, "अहो, मराठीत बोला, मला समजू तरी द्या." भाऊजी थांबले, खाली बसले आणि म्हणाले, "पाहा साहेब, तुमाले समजलं नाई तं तुमी मले बंद नाई केलं. समजू द्या म्हटलं. तेवढंच त्या पोराइले म्हणा."

वर्ग राहिला. आजही आहे. ताईला हे कळलं तेव्हा तिचा विश्वासच बसला नाही. "हे? भांडले?" ती म्हणाली. घरात इतकी वर्षं वाट पाहिली आणि भांडण शेवटी सरकारच्या वाट्याला गेलं, याचं तिला थोडं वाईटच वाटलं असावं.

भाऊजी आता निवृत्त झाले. मुलगा वीज केंद्रात आहे, त्याच्याकडे ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहतात. नातू सहा वर्षांचा, इंग्रजी शाळेत जातो, घरात आई-बापाशीही इंग्रजीच बोलतो. परवा भाऊजी काही काम नसताना एसटी बदलत बदलत माझ्या पाड्यावर आले. व्हरांड्यात बसलो होतो, तेव्हा आपणहून सांगायला लागले. नातू टीव्हीवर कार्टून बघत होता, तर यांनी मुद्दाम चॅनल बदलला. नातवाने एकदा बघितलं, "इट्स ओके, आजोबा" म्हणाला आणि शांतपणे दुसऱ्या खोलीत जाऊन मोबाइल घेऊन बसला.

"रागावला नाई गा," भाऊजी म्हणाले. "लय शहाणा पोरगा हाय. पण मी इचार करून राह्यलो, रागावतो म्हटलं तरी कोणत्या भाषेत रागावन? माझी त्याले येत नाई, त्याच्या इंग्रजीत मले भांडता येत नाई."

मी म्हटलं, "मंग शिकवा नं त्याले तेलुगू."

"शिकवून येते का?" ते म्हणाले. "माझ्यापाशी त्याचं काई असलं पायजे, जे त्याले माझ्याकडूनच पायजे. त्याच्यापाशी तं सारंच हाय."

एवढ्या पाड्यांवरच्या मुक्या पोरांना ज्याने बोलतं केलं, त्याच्याच घरात हे व्हावं याचं फार वाईट वाटलं, आणि ते मी त्यांना सांगितलंही. ते "असू दे" म्हणाले. आत वर्गात यंदाची पहिलीची पोरं होती, जूनमध्ये आलेली, अजून माझ्याशी एक शब्द न बोललेली. भाऊजींनी दारातून त्यांच्याकडे पाहिलं, चपला काढल्या आणि आत जाऊन त्यांच्यात बसले.