मंद्रूपच्या पानावरचा पांढरा चौकोन

गुलनाजचा डावा कान लहानपणापासून बंद. ती सहा वर्षांची असताना सोलापुरात मोफत कानयंत्रांचं शिबिर झालं होतं. तिचे अब्बा, टेम्पोवाले पीरसाब, तिला घेऊन पोचले ते नोंदणी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी! ती हळहळ तिच्या मनातून कधी गेली नाही. आज चौतिसाव्या वर्षी ती अशीच मोफत कानयंत्रं देणाऱ्या एका संस्थेत मुलांची नोंदणी करत होती.

फॉर्म तिनंच बनवला. लोकांनी संस्थेची वेबसाइट कुठं शोधत बसायची? म्हणून तोच फॉर्म तिनं नातेपुत्याच्या शाळेच्या, मोडनिंबच्या व्यापाऱ्यांच्या आणि मंद्रूपच्या वाचनालयाच्या वेबसाइटवर बसवायला दिला. लोकांनी तिथं भरायचा, नावं हिच्याकडं यायची. नातेपुत्याहून एकतीस आली, मोडनिंबहून एकोणीस. मंद्रूपहून एक नाही. आणि नोंदणी आज पाचला बंद!

वाचनालयाचे सिद्धप्पा चार दिवस फोन करत होते. त्यांच्या नातीला, भुवनेश्वरीला, काहीच ऐकू येत नव्हतं. "बाई, फारम दिसत न्हाय की. नुसता पांढरा चौकोन."

"मला तर छान दिसतोय. तुमच्याकडं रेंज नसेल." परवा तर ती खेकसलीच, "आणि कागदावरची नावं चालणार नाहीत हं!" काय तोरा बाईंचा!

आज सव्वाचारला मात्र तिला राहवेना. डबा घेऊन आलेल्या अब्बांच्या मोबाइलवर तिनं मंद्रूपचं पान उघडलं. पांढरा चौकोन. तिनं घाईघाईनं फॉर्मची सेटिंग्ज उघडली. फॉर्म कुठल्या वेबसाइटवर उघडू द्यायचा, ती यादी तिच्याच हातात होती, आणि त्यात मंद्रूप घालायलाच ती विसरली होती. फॉर्मची मालकीण तीच, त्यामुळं तिच्या संगणकावर तो कुठंही दिसायचा, म्हणून चूक कळलीच नाही.

दुरुस्ती दोन मिनिटांची. पण आता भरणार कोण? माणसं तर रानात. तिनं फोन लावला.

"सिद्धप्पा, चूक माझी होती. तुम्ही खरं सांगत होता. नावं आहेत का हो कुणाची?"

"हायेत की. बाजाराच्या दिवशी वहीत लिवून घेतली."

"मी नको म्हटलं होतं ना?"

"व्हय. पर लोकं लेकरं घिऊन आली हुती. माघारी कसं धाडू?"

वहीचा फोटो आला. बावीस नावं. अब्बा तिच्या उजव्या बाजूला बसून मोठ्यानं वाचत होते, ती टाइप करत होती. चार छप्पनला बावीस संपली आणि तिच्या लक्षात आलं, भुवनेश्वरीचं नाव यात नाही. पुन्हा फोन.

"तुमच्या नातीचं नाव कुठाय?"

"न्हाय लिवलं. तुमाला दिसतंय म्हनला, मला वाटलं माजंच चुकतंय. माज्यापायी लोकांची लेकरं ऱ्हायची, आन मी माज्या पोरीचं कसं घालू?"

गुलनाजला रडूच फुटलं. "जन्मतारीख सांगा. लवकर!"

चार एकोणसाठला पडद्यावर अक्षरं आली : नोंद झाली.

"झाली, सिद्धप्पा! भुवनेश्वरीची नोंद झाली!" ती केवढ्यांदा ओरडली.

"हळू की बाई," सिद्धप्पा कुजबुजले, "पोरगी मांडीवर झोपलीया."

आणि मग त्यांचं त्यांनाच आठवलं, तसे तेही मोठ्यानं हसले.