मेहरूनभाभींचा फोटो

मिरची कांडायच्या डंकाशेजारी दिवसभर उभं राहून एकदाही न शिंकणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. त्या मेहरूनभाभी. नसरापूरला आमच्या घरामागे त्यांची पत्र्याची शेड होती. आत विजेवर चालणारी लोखंडी मुसळं खाली-वर होत खलातली मिरची कुटायची. उन्हाळ्यात आसपासच्या गावांतल्या बायका घरी भाजलेला मसाला डब्यांतून घेऊन यायच्या आणि आपला माल दुसरीच्या मालात जाऊ नये म्हणून खलासमोर पहारा देत बसायच्या. नाकाला पदर, डोळ्यांना धारा, शिंकांवर शिंका. भाभी मात्र मधोमध उघड्या नाकाने उभ्या, हातात खल झाडायचा ब्रश. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मिरची वळखते बाई मला. भ्यालेल्याच्या नाकात शिरती ती."

ईरा, तुझ्या केकच्या धंद्यासाठी फोटोग्राफर यायचा आहे आणि त्याआधी काय घालू, कशी दिसू, याची तुला धास्ती वाटते, हे तू परवा फोनवर सांगितलंस. तेव्हापासून मला भाभी आठवताहेत. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तू आणि निखिलने, माझ्या दोन्ही नातवंडांनी, त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी तेव्हा तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. भाभींचा नवरा टेम्पो चालवायचा. तो अपघातात गेला तेव्हा पदरात एक मुलगी होती, शबाना, माझ्याच वर्गात. दीर म्हणाला, "भाभी, बाईमाणसाला मशीन झेपायचं न्हाई, डंक मी बघतो." भाभी म्हणाल्या, "चालू करायचं मला येतंय. बंद करायचं झालं तर तुमाला बोलावते." ते बोलावणं कधी गेलं नाही.

गावातल्या एका पुढाऱ्याच्या पत्नीने एकदा रांग सोडून आपला डबा पुढे सरकवला. भाभींनी तो उचलला, शांतपणे मागे नेऊन ठेवला आणि म्हणाल्या, "वैनी, खलाला मानपान कळत न्हाई. बसा, च्या सांगते." चहा खरंच आला. पण नंबर शेवटचाच राहिला.

अडचण अशी होती की डंक तीन महिने धडधडायचा आणि पावसाळा लागला की मुका. म्हणून भाभींनी स्वतःचा कांदा-लसूण मसाला करून पिशव्यांत भरायला सुरुवात केली. पिशवीचं तोंड मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून चिकटवायच्या. मसाला फार चांगला होता. पण गावात जिच्यातिच्या घरी आपापला मसाला, विकत घेणार कोण? बारा महिने खपायचा तर तो हायवेवरच.

सारोळ्याच्या पुलाजवळ एका शेठचं हॉटेल होतं. पुण्या-साताऱ्याच्या गाड्या तिथे थांबायच्या. त्याने मसाला चाखला आणि काउंटरवर ठेवायला तयार झाला. अट एकच. पाकिटावर रंगीत लेबल हवं, त्यावर मसाला करणाऱ्या बाईचा फोटो हवा. "आणि नाव 'मीरा मसाला' ठेवू," तो म्हणाला. "कपाळाला ठसठशीत टिकली लावा. गिऱ्हाइकाला आपल्या घरचं वाटलं पाहिजे."

भाभी फक्त "बघू" म्हणाल्या. आम्ही दोघींनी परतीची एसटी पकडली.

फोटोची तयारी मी अंगावर घेतली. तुम्हाला माझ्या याद्या ठाऊक आहेतच. वहीचं एक पान घेऊन मी लिहून काढलं: साडी, इस्त्री, केस, नखं, पावडर, मोत्यांचा सर. जांभळी सिल्कची साडी माझी, सर माझा. खरं काम नखांचं निघालं. वर्षानुवर्षांची मिरची त्यांच्या नखांत आणि बोटांच्या रेषांत मुरली होती. मी लिंबाच्या फोडी घेऊन घासत बसले. चिरांतून लिंबू झोंबत असणार, पण त्या हात मागे घेत नव्हत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बाई, फोटो काढायचाय का सोलायचंय मला?"

शबाना हसली. मी हसले नाही. मला काम नीट व्हायला हवं होतं.

यादीत न लिहिलेली एक गोष्ट मी पर्समध्ये टाकली होती. टिकल्यांचं पाकीट. मी स्वतःला समजावलं होतं की धंदा आहे, एवढंसं चालतं. मी शिकलेली, चार पुस्तकं वाचलेली बाई, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही, हे तुम्हाला सांगायलाच हवं.

भोरच्या स्टुडिओत पडद्यावर धबधबा रंगवलेला होता. आरशाच्या कडेला आधी येऊन गेलेल्या बायकांच्या टिकल्या ओळीने चिकटलेल्या होत्या. फोटोग्राफरने भाभींच्या चेहऱ्यावर पावडरचा जाड थर दिला आणि स्टुलावर बसवलं. मी हळूच पाकीट काढून एक टिकली त्यांच्या हातावर ठेवली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"बाई, तुमी बी?"

"भाभी, एवढीशी तर आहे. ऑर्डर हातची जाईल."

"एवढीशीच हाय तर नसली म्हणून कुनाचं काय अडतंय?"

फोटोग्राफर माझ्या मदतीला धावला; लेबलाचं सगळं मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. "ऱ्हाऊ द्या हो. टिकली मी मागनं ब्रशनं लावतो फोटोवर. नाव तर मीराच छापायचंय ना?"

"मग मीरालाच बसवा स्टुलावर," भाभी म्हणाल्या. "ती मिरच्या भाजती का इचारा. तिला खोकला येतो का तेबी इचारा."

त्या उठल्या आणि टिकली आरशावर, त्या ओळीत चिकटवली. "हितं लई जणी हायत, तिला सोबत हुईल." मग मोरीत जाऊन तोंड खसाखसा धुतलं. मोत्यांचा सर माझ्या हातात दिला. अंगावर राहिली फक्त जांभळी साडी, डोक्यावरून पदर आणि मूळचा सावळा चेहरा, हनुवटीवरच्या भाजल्याच्या डागासकट.

"काढा आता. हसायला सांगू नका, हसू आलं तर हसंन."

तो फोटो फार चांगला आला. त्यात त्या हसलेल्या नाहीत. कुणीतरी काहीतरी विचारलं आहे आणि उत्तर तयार आहे, अशा त्या बघताहेत.

लेबलं छापून झाली, 'मेहरून कांदा-लसूण मसाला'. आम्ही दोघी सारोळ्याला गेलो. शेठने पाकीट उलटंसुलटं केलं. तसा वाईट माणूस नव्हता, आवाजही चढवला नाही. "भाभी, मला काही नाही हो," तो म्हणाला, "पण लोक विचारतात."

"काय इचारत्यात?"

त्याने हातातलं पाकीट काउंटरवर बाकीच्या पाकिटांत ठेवून दिलं.

"लोकांनी मसाला खाल्लाय का माझा? तुमी खाल्लाय. तुमाला काय झालं?"

"नाव तेवढं बदला. बाकी मी बघतो."

भाभींनी काउंटरवरची पाकिटं एकेक करून पिशवीत भरली. घाई केली नाही. "शेठ, हाटेल तुमचं हाय, तुमी काय बी ठिवा. नाव माज्या आईनं ठिवलंय. ती आता न्हाई, इचारायचं कुनाला?"

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "आता पावसाळ्यात काय करणार?" त्या म्हणाल्या, "भिजंन." आणि एसटीला हात केला.

पुढच्या सोमवारी त्यांनी नसरापूर फाट्यावर, जिथे रिक्षा आणि एसटी थांबतात, एक टेबल मांडलं. वर ताडपत्री, समोर पाकिटांचा ढीग. प्रत्येक पाकिटावर तोच चेहरा आणि मागे तोच चेहरा जिवंत. पहिले काही दिवस लोक नाव वाचून पुढे जायचे. काही मुद्दाम मोठ्याने वाचायचे. भाभी म्हणायच्या, "बरोबर वाचलं. किती देऊ?"

मी शाळा सुटली की तिथे जाऊन बसत असे. भरपाई म्हणा हवं तर. एका दुपारी साताऱ्याकडे निघालेली एक बाई एसटीतून उतरली. पाकीट हातात घेतलं, फोटो पाहिला, भाभींकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"ह्या तुम्हीच का?"

"व्हय, म्याच."

"मसाला चांगला असतो ना? तिखटात भेसळ नाही ना?"

"घिऊन जावा," भाभी म्हणाल्या. "वाईट निघाला तर ह्ये तोंड नीट बघून ठिवा आन हितं यिऊन भांडा. म्या हितंच आसते."

बाईने दोन पाकिटं घेतली.