चंद्रावरच्या बाईचा आवाज

तेव्हा मी चंद्रपूरला रेडिओवर हंगामी निवेदिका होते. सकाळी विनाअनुदानित शाळेत पाच तास शिकवायचं, दुपारी स्टुडिओत जाऊन शेतकऱ्यांच्या पत्रांना उत्तरं वाचायची, संध्याकाळी घरी वह्या तपासायच्या. दोन हजार सालानंतरची ती तीन-चार वर्षं मला एकाच लांबलेल्या दुपारसारखी आठवतात.

अशा एका दुपारी कार्यक्रम अधिकाऱ्यांनी माझ्यापुढे टेपचा डबा ठेवला. साठच्या दशकात नागपूरला ध्वनिमुद्रित झालेलं विज्ञान नाटक होतं. वरून पत्र आलं होतं, जुनी विज्ञान नाटकं नव्यानं करायची. "ऐकून लिहून काढा, थोडं आजचं करा," ते म्हणाले. मी हो म्हणाले. नाही म्हणायलाही ताकद लागते.

नाटक साधं होतं. चंद्रावर एक शास्त्रज्ञ बाई एकटी राहिली आहे. तिला न्यायला निघालेलं यान बिघडलंय. पृथ्वीवरचा एक कर्मचारी तिच्याशी यंत्रावरून बोलतो आहे. बस, दोनच माणसं. पण त्या बाईचा आवाज! घाबरलेली असूनही भाजी निवडता निवडता बोलावं तशी ती बोलायची. मी हेडफोन लावून बसले आणि चहा गार झाला. तिसरी टेप मात्र बुरशीनं चिकटलेली होती. शेवट कुणालाच माहीत नव्हता. संहिताही कुठे नव्हती.

डब्यावरच्या कागदावर कलाकारांची नावं होती. स्टुडिओतल्या जुन्या तंत्रज्ञांनी त्या बाईचं नाव वाचलं आणि म्हणाले, "ह्या तर सिंदेवाहीच्या सिस्टर. सरकारी दवाखान्यात होत्या, आता रिटायर झाल्या."

रविवारी मी सिंदेवाहीची बस धरली. त्यांचं घर भात संशोधन केंद्राच्या रस्त्याला होतं. दारात अशोकाची दोन झाडं, आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. नाटकाचं नाव काढताच त्या हसल्या.

"मी तवा नागपूरले नर्सिंग शिकत होती. होस्टेलच्या मॅडमले सांगितलं, दातं दुखून राह्यले, डॉक्टरकडं जातो. आन गेली रेडिओत!"

"आणि तो हेल्मेटमधला आवाज?"

"गंजात तोंड घालून बोलली मी. स्टीलचा मोठा गंज. वास येत होता त्याले कालच्या वरणाचा."

शेवट त्यांना तोंडपाठ होता. यान येणार नाही हे कळल्यावर ती बाई रडत नाही. ती त्या कर्मचाऱ्याला विचारते, आज डब्यात काय आणलंय? तो म्हणतो, भात आणि वांग्याची भाजी. ती म्हणते, सांगत राहा. मग तो भाजी कशी झाली, कुणी केली, सगळं सांगत राहतो आणि तिच्याकडून उत्तर येणं थांबतं. मी वहीत लिहून घेतलं. मग न ठरवताच विचारलं, "बाई, तुम्हीच कराल का पुन्हा?"

त्यांनी खूप वेळ पदराशी चाळा केला. "आता कोण ऐकते माहा आवाज?" म्हणाल्या. पण पुढच्या आठवड्यात इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून त्या स्टुडिओत हजर होत्या. गंज आणला नव्हता, हेल्मेटमधला आवाज आता कॉम्प्युटर करणार होता. आवाज थोडा चिरका झाला होता, दम लागत होता, पण शेवटाला त्या कागदावरचं सोडून स्वतःचंच बोलल्या, "सांगत राहा ना भाऊ, मी ऐकून राह्यली." काचेपलीकडे तंत्रज्ञांनी चष्मा काढून पुसला.

अधिकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी ऐकलं. "चंद्रावरची बाई आपल्या इथल्या झाडीपट्टीतली वाटते," ते म्हणाले. "दम लागतो तो वेगळाच. तुम्ही करा हिचा भाग. तुमचे उच्चार स्वच्छ आहेत."

मी भांडायला हवं होतं. त्या दिवशी शाळेत घटक चाचणी होती, सकाळपासून घशाखाली धड काही उतरलं नव्हतं. मी फक्त "बरं" म्हणाले आणि तासाभरात त्यांचा सगळा भाग माझ्या आवाजात वाचून टाकला. स्वच्छ वाचला. बाईंच्या शेजारच्या पीसीओचा नंबर माझ्याकडे होता. फोन करायचा राहिला, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे केला नाही.

नाटक रविवारी सकाळी लागलं. त्याच्या पुढच्या रविवारी मी सिंदेवाहीला गेले. बाईंनी चहा टाकला. बराच वेळ मुलांच्या नोकऱ्यांचं बोलल्या. मग म्हणाल्या, "दवाखान्यातल्या दोघी मैतरणी आल्या होत्या आयकाले. सुरू झालं तशी मी म्हणली, हा माहा आवाज नाई वं. त्या म्हणे, रेडिओत आवाज बदलूनच येते. लई खूश झाल्या. मंग मी काई बोलली नाई."

मी बशीतलं बिस्किट उगाच चहात बुडवलं.

"काऊन नाई सांगितलं मले?"

"थकले होते बाई," मी म्हणाले. ते खरं होतं आणि तरी ते उत्तर नव्हतं, हे आम्हा दोघींना कळत होतं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली.

त्या मला स्टँडवर सोडायला आल्या. बस लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या दिवशी मी बोलली, ते असन ना कुठी? नातीले आयकवतो एखाद्या वेळी."

नव्या टेपा नेहमीच कमी पडायच्या. माझा आवाज त्यांच्याच टेपवर, त्यांच्या आवाजावर भरला होता. मला ते माहीत होतं, बटण दाबलं तेव्हा मी तिथेच बसले होते.

"शोधते," मी म्हणाले आणि बसमध्ये चढले.

पुढे दोन वर्षांनी माझी शाळेतली नोकरी कायम झाली आणि मी रेडिओ सोडला. बाईंना खरं काय ते मी कळवलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.