सुमनताईंचा रेट

गेल्या महिन्यात नगरला मोठ्या जावेच्या, सुमनताईंच्या गच्चीवर कुरडया घालता घालता मी त्यांच्याशी भांडले. चिकाने भरलेल्या हातांनी, भल्या सकाळी... शेजारची गच्चीसुद्धा ऐकत होती.

आधी थोडं मागचं सांगते. माझी ऋतुजा आणि सुमनताईंचा ओंकार, दोघंही जर्मनीत शिकायला आहेत, वेगवेगळ्या गावांत. त्यामुळे दर महिन्याला मी कोपरगावातून आणि ताई नगरमधून पैसे पाठवतो. इथे रुपये भरायचे, तिकडे मुलांना युरो मिळतात.

आता मी मेथीची जुडीसुद्धा घासाघीस केल्याशिवाय घेत नाही. बँकेतही तेच केलं. साहेबांसमोर बसून, 'दर महिन्याला येते मी, काहीतरी कमी करा की,' म्हणत पैसे पाठवायचा चार्ज चक्क माफ करून घेतला! त्या दिवशी घरी श्रीखंड केलं. आणि तेव्हापासून दर महिन्याला बँकेची पावती फॅमिली ग्रुपवर टाकायची मला सवयच लागली.

पण ताईंना त्याचं कौतुक म्हणून नाही. मी चार्ज माफ म्हटलं की त्यांचं ठरलेलं, "आमाला रेट लई चांगला पडतो बाई." लग्नात भेटल्या तरी रेट, वर्षश्राद्धाला भेटल्या तरी रेट. बसल्या जागी मोबाईलवरून पाठवतात म्हणे... ऐकून माझ्या पोटात दुखायचं.

खरं सांगू? रेटपेक्षा दुसरंच जास्त लागायचं. ऋतुजाचा दर शनिवारी संध्याकाळी मला व्हिडिओ कॉल यायचा, चांगला तासभर. दिवाळीनंतर तो बंदच झाला. 'आई, अभ्यास आहे गं...' एवढंच.

आणि इकडे ताईंकडून मला कळायचं की ऋतुजाला सर्दी झालीय, ऋतुजाने नवी चादर घेतलीय. माझी मुलगी, आणि बातम्या जावेकडे! ती त्यांना 'मोठी आई' म्हणते, तेही मला खुपायला लागलं. स्वतःला मुलगी नाही म्हणून माझी पळवली, इथपर्यंत माझ्या मनात येऊन गेलं.

तर त्या दिवशी... पहाटे चीक शिजवला. तो गरम आहे तोवर कुरडया घालायच्या म्हणून आम्ही दोघी घाईत होतो. सोऱ्या फिरवता फिरवता ताईंनी पुन्हा सुरू केलं, "या म्हैन्याला तर रेट..."

"पुरे करा ताई," मी ओरडलेच. "रेट तुमचा, ओंकार तुमचा, आणि आता माझी ऋतुजा पण तुमचीच!"

ताईंनी सोऱ्या खाली ठेवला. "पोरगी शनवारी बेकरीत कामाला जाती, म्हाईत हाय का तुला? तू पाठवतीस त्यात भाडं भागत न्हाई तिचं."

ताईंनी पदराला हात पुसले, मोबाईल उघडला आणि ग्रुपवरची माझीच पावती मला दाखवली. बाजारात युरोचा भाव एक, आणि माझ्या पावतीवर दुसराच... प्रत्येक युरोमागे चांगला महाग. शिवाय वाटेत आणखी कुठलीतरी बँक थोडे कापून घेत होती, ते वेगळंच.

चार्ज खरोखरच माफ होता. पण फुकटच्या कोथिंबिरीवर मी खूश, आणि मेथीचा भाव विचारलाच नव्हता, अशातली गत.

जेवढे पैसे कमी पडतात तेवढ्यापुरतंच काम बेकरीवाले देत नाहीत. कामाला यायचं तर सगळे शनिवार द्यावे लागतात. म्हणून माझा कॉल गेला होता.

मला रडूही आलं आणि रागही. "तुम्हाला सांगते, मग मला का नाही?"

"तू बँकेतून आलीस की लई खूश असतीस म्हनं. आईचा हिरमोड नको म्हनून मला शपथ घातली तिनं."

"मग तुम्ही तरी बोलायचं ना!"

"शपथ कशी मोडू? आज रागाच्या भरात मोडली ती मोडली. म्हनून तर भेटशील तिथं रेट रेट करीत हुते. माझ्याकडं कूलर आला की म्हैन्याभरात तुझ्याकडं येतो. माझं बघून शिलाई मशीन घेतलंस, धूळ खात पडलंय. म्हटलं, जळली की करंल. पन या टायमाला नुसती जळतच बसलीस तू!"

तोवर चीक गार झाला होता. उरलेल्या कुरडया तुटक्याच पडल्या... 

दुपारी तिथेच बसून, ताई पैसे पाठवतात त्या सेवेचं मोबाईलवर सगळं केलं. परवानगी असलेलीच सेवा आहे ना, हे ताईंनी आधी तपासायला लावलं. मग पॅन कार्ड, ऋतुजाच्या कॉलेजची कागदपत्रं वगैरे. ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांना एवढंच सांगते, चार्ज किती हे विचारून थांबू नका. सगळं जाऊन मुलांच्या खात्यात किती पडणार, ते विचारा.

काल शनिवार. संध्याकाळी फोन वाजला. ऋतुजा! पैसे पुरेसे आले म्हणून तिने बेकरी सोडलीय, हे ताईंकडून कळलंच होतं. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "आई, तुला या नव्या रेटचं कोणी सांगितलं? मोठ्या आईने?"

"छे गं. त्यांचा रेट मला बघवेना, म्हणून मी पण बदललं," मी म्हणाले. ते 'छे गं' सोडलं तर त्यात खोटं असं काही नव्हतंच... ती इतकी हसली की बेकरीचा विषय तिथेच राहिला.

ऋतुजा फेसबुकवर नाही, म्हणून हे इथे लिहितेय. पण ताई, तुम्ही वाचणार. तुम्ही माझ्या लेकीला सांभाळलंत, मला न दुखवता... तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

आणि हो, तिला परत सर्दी झालीय. या वेळी मला आधी कळलं.