थॉमस सरांना ऐकू आलेलं वाक्य

या सदरातले अनुभव मी वाचते, पण वाचून झाल्यावर बहुतेक वेळा "असं कसं होईल?" असंच म्हणते. आमचं घर बौद्ध. अंगात येणं, बाहेरची बाधा, दृष्टांत — यातलं काहीच आमच्या एकोडीच्या घरात (तालुका साकोली, जिल्हा भंडारा) कधी चाललं नाही. त्यातून मी पायलट. जे दिसत नाही, मोजता येत नाही, त्याला आमच्या कामात जागाच नाही. त्यामुळे पुढचं लिहिताना मलाच अवघड जातंय.

गेल्या वर्षीची गोष्ट. गावाकडे धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती. माझी नागपूरहून दक्षिणेकडे जाणारी दुपारची फ्लाइट होती. कॅप्टन थॉमस सर — केरळचे, निवृत्तीला आलेले, मराठीचा गंध नाही. मी त्यांच्या शेजारी, फर्स्ट ऑफिसर.

उड्डाणाआधी विमानाचं एकूण वजन, धावपट्टी, वारा, तापमान हे सगळं टॅबलेटमध्ये भरावं लागतं. त्यावरून इंजिनाला किती जोर द्यायचा आणि कोणत्या वेगाला नाक उचलायचं हे निघतं. वजन कमी भरलं गेलं तर टॅबलेट तक्रार करतोच असं नाही. तो शांतपणे चुकीचं उत्तर देतो. मग विमान तयार नसताना आपण त्याला उचलायला जातो... शेपूट जमिनीला घासू शकतं, किंवा धावपट्टी संपत आली तरी विमान उठत नाही. म्हणून दोघांनी कागदावरचा आकडा आपापला बघायचा, आपापल्या टॅबलेटवर हिशोब करायचा आणि मग उत्तरं ताडून पाहायची असा नियम आहे.

त्या दिवशी पुढच्या शहरात जोरदार पाऊस होता, म्हणून ऐनवेळी इंधन जास्त घेतलं. वजनाचा नवा कागद येईपर्यंत निघायची वेळ होत आली. सरांनी कागद घेतला आणि आकडा मोठ्याने वाचला. मी तो ऐकून टाइप केला, त्यांनीही केला. दोन्ही टॅबलेटवर उत्तर तंतोतंत सारखं आलं. दोघांचंही समाधान झालं.

निघालेले वेग सर समोरच्या कॉम्प्युटरमध्ये भरणार, तेवढ्यात त्यांचा हात थांबला.

"तुमने कुछ कहा?"

"नहीं सर."

"हेडसेट में कोई लेडी बोली. टॉवर नहीं था. ये सोनू कौन है?"

सोनू मला फक्त घरी म्हणतात. कागदोपत्री, कंपनीत, कुठेच ते नाव नाही. मी विचारलं, "और क्या बोली?"

सरांनी आठवून आठवून शब्द जुळवले. उच्चार वेडेवाकडे होते, पण वाक्य सरळ होतं — "आपल्या डोऱ्यानं पाय वं, सोनू."

डोऱ्यानं म्हणजे डोळ्यानं, पाय म्हणजे पाहा. नागपूर शहरातसुद्धा असं कुणी सहसा बोलत नाही. ही आमच्या झाडीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची बोली, आणि त्या बोलीत मला "वं सोनू" म्हणते ती फक्त एकोडीची माझी आत्या. आई नोकरीला जायची, तेव्हा मला तिनेच वाढवलं.

माझ्या हेडसेटमध्ये काहीही आलं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "सर, पेपर दीजिए. मैं खुद देखती हूँ."

कागदावर दोन वजनं एकाखाली एक होती. सरांनी वरचं वाचलं होतं — इंधनाशिवायचं. म्हणजे टाक्यांमधलं सगळं इंधन आमच्या हिशोबातून गायब होतं. आणि मी कानानं ऐकून तेच भरलं, म्हणून दोन्ही उत्तरं जुळली होती.

सरांनी आकडा पाहिला. आम्ही सगळा हिशोब पहिल्यापासून केला, या वेळी आपापला. वेग बरेच वाढले. थोड्या उशिरानं निघालो, विमान नेहमीसारखं उठलं, मागे प्रवाशांना काही कळलंही नाही. वर गेल्यावर सरांनी वाक्याचा अर्थ विचारला. मी सांगितला.

आकड्याची चूक सरांनी रीतसर कळवली. आवाजाचं मात्र आम्ही दोघंही कुठे बोललो नाही. कॉकपिटमधलं बोलणं रेकॉर्ड होतं, पण काही तासांनी त्यावर नवं चढतं. ते ऐकायची मला परवानगीही नसते.

पुढच्या सुट्टीत एकोडीला गेले. मी कुणाला काही सांगायच्या आधीच जेवताना वहिनी हसत म्हणाली, "सोनूताई, आत्याबाईले आता भास होऊन राहिले. तुम्ही नागपूरले येऊन तशाच गेल्या ना, त्या दिवशीची गोष्ट. तलावाजवळच्या धानाच्या बांधीत रोवणं चालू होतं. रोवता रोवता ह्या उभ्या झाल्या आन म्हणाल्या, आपल्या डोऱ्यानं पाय वं सोनू. आमी म्हटलं, सोनू कोठी आहे येथी?"

मी आत्याला विचारलं, "काहून म्हटलं तू तसं?"

"मले का मालूम. तोंडातून निंगालं."

मग मी सगळं सांगितलं. वहिनीचं हसू थांबलं. आत्या मात्र भात कालवत ऐकत होती.

"मंग पाहिलं का तू?"

"पाहिलं."

"बस मंग," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात भात वाढला.

मी खूप विचार केला. सरांनी पूर्वी कुठे झाडीबोली ऐकली असेल? त्यांना आठवत नाही. मी कधी बोलता बोलता "सोनू" म्हणाले असेन? शक्य आहे. मी त्या दिवशी नागपूरला आहे हे आत्याला माहीत होतं, म्हणून तिच्या मनात मी असणार, हेही खरं. पण हे सगळं एकत्र केलं तरी हेडसेटमधल्या त्या वाक्यापर्यंत काही पोचत नाही.

आता शेजारच्या कॅप्टननं आकडा वाचायला सुरुवात केली की मी कागदासाठी हात पुढे करते. काहींना तो उद्धटपणा वाटतो. कुणी कारण विचारलं तर मी नियम सांगते.