उष्टं कापड

साडी परत आली की मावशी आधी तिचा पदर नाकाला लावायच्या. डोळे मिटून एक श्वास घ्यायच्या आणि गिऱ्हाइकाला सांगून मोकळ्या, "बाई, लग्न जेवून आलीय ही. परत घेता येत न्हाई."

परळीच्या कपड्याच्या दुकानात मागच्या खोलीत आम्ही दोघी. परत आलेला माल तपासायचं काम त्यांचं, घड्या घालायचं माझं. मी मुलखाची लाजाळू, बोलायचं सगळं त्याच बोलायच्या. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, कमावणाऱ्या त्या एकट्या, तरी बोलणं चालूच. एकदा एका बाईनं शपथ घेतली, साडी अंगालासुद्धा लावली नाही म्हणून. मावशींनी खांद्यावरची पिनेची दोन भोकं दाखवली. "मग हितं काय विंचू चावला व्हय?" ती बाईही हसली.

मग समोर मोठं दुकान झालं. सात दिवसांत काहीही परत घेऊ, काही विचारणार नाही, असा फलक लागला. आमचं गिऱ्हाईक तिकडं वळलं, तेव्हा मालकांनीही तसाच फलक लावला. तुम्हीही असे फलक पाहिले असतील. परत गेलेल्या साडीचं पुढं काय होतं, हे कुणी विचारत नाही. इस्त्री, नवी पिशवी आणि पुन्हा फळीवर.

"मालक, उष्टं कापड हाय हे. नवं म्हणून कसं इकायचं?"

"मग काय जाळू? समोरचा टपून बसलाय. तुमी गप पिशव्या भरा."

एक बाई लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आली. मावशी मागच्या खोलीच्या दारातून तिला हळूच म्हणाल्या, "ताई, ही घिऊ नका. नेसलेली हाय."

बाई साडी ठेवून देईल असं मला वाटलं. तिनं ती सरळ गल्ल्यावर नेली. "तुमची बाई म्हणती नेसलेली हाय. मग कमी करा की! आहेरातच द्यायचीय."

मालक तरातरा आत आले. मला म्हणाले, "तू हुतीस ना? काय म्हणली ही?"

खरं तेच म्हणाल्या, एवढंच मला सांगायचं होतं. पण मी खाली मान घालून घडी घालत राहिले.

"तिला कावून इचारता? मीच म्हणलं," मावशी म्हणाल्या. चपला घातल्या आणि गेल्या.

समोरच्या दुकानामागच्या बोळातून माझी घरी जायची वाट आहे. दिवाळीनंतर एकदा तिथलं मागचं दार उघडं दिसलं. आत मावशी बसल्या होत्या. पुढ्यात परत आलेल्या साड्यांचा ढीग. एक एक उचलायच्या, न बघता नव्या पिशवीत सरकवायच्या.

"मावशी!" आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून कुणाला हाक मारली असेल.

त्यांनी मला पाहिलं. हातातली पिशवी खाली ठेवली, उठल्या आणि दार लावून घेतलं.