ग्रुपवरचे अंगठे आणि सुशीलामावशी

आत्ताच घरी आलेय. डोकं जाम तापलंय, म्हणून सरळ इथेच लिहिते.

नायगावच्या आपल्या चाळी पाडतायत. त्याआधी घराघरांतले जुने फोटो जमवून जपायचे, हे आपणच ठरवलं ना? आज सकाळी मंडळाच्या खोलीत जमून फोटो स्कॅन करायचे, फोटोतल्या माणसांची नावं लिहून घ्यायची. तसा मेसेज टाकला, तर ग्रुपवर अंगठेच अंगठे!

आलं कोण? एकट्या सुशीलामावशी. चाळ सोडल्यापासून राहतात त्या ट्रान्झिट कॅम्पातून, दुखऱ्या गुडघ्यांनी, जयंतीच्या मिरवणुकीचा फोटो पदराखाली सांभाळत.

"बाकीचे कुठायत गं?"

मी मोबाईल पुढे केला. "सगळे हो म्हणालेत मावशी, हे बघा."

त्यांनी चष्मा सावरून बघितलं. "हो कुठं म्हणालेत? सगळ्यांनी अंगठा दाखवलाय की!"

मी आधी हसले, मग रडायलाच आलं. त्या फोटोतल्या बायकांना ओळखणाऱ्या आता मावशीच उरल्यात. आज दोघींची नावं त्यांनाही आठवेनात. बराच वेळ त्या चेहऱ्यांवर बोट ठेवून बसल्या होत्या.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी परत बसतोय. तुमच्यातलं कोण येणार? तोंडाने सांगा. अंगठा बघून झालाय.